इमारत नियमांच्या समितीत खुर्ची कोणाची : सदस्यरचना बदलून घेण्यासाठी नागरिकांनी काय करावे

मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला की चटई क्षेत्र, कॉर्पस आणि पर्यायी घराचे भाडे यांवर तासन्‌तास बोलणे होते. जिना किती रुंद असावा, दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडावे, अग्निशमन दलाची गाडी आवारात वळू शकेल की नाही, हे ज्या नियमांवरून ठरते ते नियम कोणाच्या शिफारशीने बदलतात, हा प्रश्न मात्र सभेत सहसा कोणी विचारत नाही. हे बदल बहुतेक वेळा एखाद्या समितीच्या बैठकीत आकार घेतात आणि त्या बैठकीत ज्याला बसायला जागा आहे त्याची अडचण आधी ऐकली जाते. बाकीच्यांना ते बदल नंतर राजपत्रात वाचायला मिळतात.

अशा समितीची सदस्यरचना बदलावी असे ज्या गृहनिर्माण संस्थांना, भाडेकरू संघांना, वास्तुविशारदांना किंवा दिव्यांग हक्कांसाठी काम करणाऱ्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्या प्रयत्नाचा पाया असलेली एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ‘समितीत चांगली माणसे घ्या’ ही मागणी करू नये. चांगला अधिकारी बदलून जातो, चांगला तज्ज्ञ मुदत संपल्यावर घरी जातो आणि नवे सरकार आले की नवी यादी येते. मागायची असते ती जागा : कोणत्या हितगटाची, कोणत्या पात्रतेची, किती मुदतीची आणि कोणत्या अटींवरची खुर्ची त्या समितीत कायम असेल, हे समिती स्थापन करणाऱ्या दस्तऐवजातच लिहून घ्यावे लागते.

समिती कशातून जन्माला आली, ते आधी शोधावे

बृहन्मुंबईत इमारतींना विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. तिला मे २०१८ मध्ये शासनाची मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून ती अमलात आली. राज्याच्या उरलेल्या बहुतांश भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. दोन्हींचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. आग, संरचना, वायुवीजन अशा तांत्रिक बाबींसाठी संदर्भ घेतला जातो तो भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेचा, जिची २०१६ची आवृत्ती सर्वांच्या परिचयाची आहे. ही संहिता स्वतःहून बंधनकारक नसते. राज्याच्या किंवा महापालिकेच्या नियमावलीने तिला जेवढे स्वीकारले तेवढीच ती लागू होते, आणि म्हणून राज्यपातळीवर या स्वीकाराचा विचार करणाऱ्या समित्यांना खरे महत्त्व आहे.

या समित्या एकाच साच्यातून येत नाहीत. काहींची रचना थेट कायद्यात असते. नगररचना अधिनियमाच्या कलम २८ खाली विकास आराखड्यावरील हरकती ऐकणारी नियोजन समिती हे त्याचे उत्तम उदाहरण आहे : स्थायी समितीचे तीन सदस्य, आणि नगर नियोजन किंवा पर्यावरण यांचे विशेष ज्ञान वा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्ती. ही रचना बदलायची तर विधिमंडळातच जावे लागेल. काही समित्यांची रचना नियमावलीत असते. मुंबईच्या वारसा जतन समितीत संरचना अभियंता, वास्तुविशारद, पर्यावरणतज्ज्ञ आणि शहराचा इतिहासकार अशा जागा नियमांतच सांगितलेल्या आहेत, व्यक्ती कोणीही असो. येथे बदल हवा असेल तर नियमावलीत फेरबदल करावा लागतो आणि त्याची वाट कलम ३७ मधून जाते. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी वाचला जातो : शासन निर्णयाने गठित केलेली समिती. ती एका आदेशाने तयार होते, दुसऱ्या आदेशाने विसर्जित होते, आणि तिच्या रचनेत भर घालायला एक शुद्धिपत्रक किंवा पूरकपत्र पुरते. नागरिकांना हात घालण्यासारखी सर्वांत जवळची जागा हीच आहे.

हा भेद न पाहता केलेली निवेदने मंत्रालयात फिरत राहतात. कायद्यात ठरलेली रचना बदला म्हणून आयुक्तांना लिहिले, तर ‘हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही’ असे उत्तर येते आणि ते उत्तर चुकीचे नसते.

कागद मिळवणे आणि तो वाचणे

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागानुसार आणि दिनांकानुसार शोधता येतात. इमारत नियमांशी संबंधित बहुतेक निर्णय नगर विकास विभागाचे असतात. गृहनिर्माण विभाग आणि आगीच्या संदर्भातील आदेश वेगळे पाहावेत. निर्णय हाती आला की वरचे ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ हे शीर्षक सोडून देऊ नये, कारण आधीची समिती कधी झाली होती आणि कोणत्या पत्रावरून नवी झाली हे तिथेच कळते. प्रस्तावनेत समिती का हवी याचे कारण असते. त्यानंतर सदस्यांचा तक्ता असतो : अध्यक्ष, सदस्य, सदस्य सचिव, आणि कधीकधी निमंत्रित. मग कार्यकक्षा आणि अहवालाची मुदत येते, आणि ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीखाली सही. शेवटची ‘प्रत’ ही यादी पुष्कळजण वाचत नाहीत, पण तो आदेश कोणकोणत्या संस्थांना आणि संघटनांना मुद्दाम कळवला गेला, हे त्या यादीतून दिसते. आपल्या महासंघाचे नाव तिथे नसेल आणि विकासकांच्या संघटनेचे असेल, तर पुढच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद तयार झाला.

संकेतस्थळावर जे मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्याकडील मंडळे, परिषदा, समित्या यांचे विवरण स्वतःहून प्रसिद्ध करावे, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्ते लोकांना पाहायला मिळतात का हेही सांगावे, अशी स्पष्ट तरतूद आहे. अर्जात या तरतुदीचा उल्लेख केल्यास ‘ही अंतर्गत बाब आहे’ असे म्हणणे कार्यालयाला जड जाते. महाराष्ट्रात अर्जातील विषय दीडशे शब्दांत मांडावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय घेता येतो, त्यामुळे भाषा आटोपशीर ठेवावी. पुढील मजकूर पुरेसा आहे :

‘दिनांक … च्या शासन निर्णयान्वये गठित झालेल्या समितीबाबत पुढील कागदपत्रांच्या छायांकित प्रती मिळाव्यात : मूळ शासन निर्णय व त्यावरील सर्व शुद्धिपत्रके, सर्व बैठकांची इतिवृत्ते व उपस्थितीपत्रके, अशासकीय सदस्यांच्या निवडीसंबंधी नस्तीतील टिपणी भाग, सदस्यांनी आपल्या हितसंबंधांबाबत दिलेली घोषणापत्रे, समितीने शासनास सादर केलेले अहवाल. कालावधी : समिती गठित झाल्यापासून आजपर्यंत.’

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा किंवा ऑनलाइन शुल्क भरावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करावे. घोषणापत्रे मागितल्यावर ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तरी ते जपून ठेवावे. समितीत हितसंबंध जाहीर करण्याची पद्धतच नाही, याचा तो शासनाने स्वतः दिलेला पुरावा असतो.

यादीत कोण आणि बैठकीत कोण

सदस्यांचा तक्ता आणि उपस्थितीपत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहणे हे या कामातले सर्वांत फलदायी पाऊल आहे. तक्त्यात मुख्य अग्निशमन अधिकारी असतो, पण इतिवृत्तात ‘यांचे प्रतिनिधी’ असे लिहिलेले आढळते. एखाद्या शिक्षणसंस्थेतील प्राध्यापकांचे नाव असते आणि बैठकांच्या सूचना उशिरा निघाल्याने ते येऊ शकलेले नसतात. ‘विशेष निमंत्रित’ म्हणून मात्र काही नावे प्रत्येक बैठकीला दिसतात. निमंत्रिताला मत नसते, असे नियम सांगतो, परंतु मसुद्यातील शब्द सुचवण्यासाठी मताची गरज पडत नाही. म्हणून कागदावरची रचना सुधारण्याची मागणी करण्याआधी प्रत्यक्षातली रचना एका पानाच्या तक्त्यात मांडावी : बैठकीची तारीख, उपस्थित, अनुपस्थित, निमंत्रित, आणि त्या बैठकीत संमत झालेली शिफारस. हे एक पान दहा पानी निवेदनापेक्षा आमदारांना आणि सचिवांना अधिक लवकर पटते.

सदस्य सचिवाच्या खुर्चीकडे विशेष लक्ष द्यावे. विषयपत्रिका तो काढतो, टिपणी तो तयार करतो, इतिवृत्त तो लिहितो, आणि ‘चर्चेअंती असे ठरले’ या तीन शब्दांच्या पुढे काय येणार हे पुष्कळ अंशी त्याच्या लेखणीवर अवलंबून असते. अध्यक्ष बदलून घेण्यासाठी जितका जोर लावला जातो, त्याच्या निम्मा जोर जरी इतिवृत्त किती दिवसांत सदस्यांना पाठवावे आणि विरोधी मत त्यात शब्दशः नोंदवावे हे दोन नियम मिळवण्यासाठी लावला, तरी फरक पडेल, असे माझे ठाम मत आहे.

कोणत्या जागा मागाव्यात

येथे घाई करू नये, कारण समितीचे काम कोणते यावरून जागा ठरतात. मुंबईतल्या एखाद्या जुन्या इमारतीबाबत मालकाचा संरचनात्मक अहवाल ती ‘सी-१’, म्हणजे तातडीने पाडण्याजोगी, असल्याचे सांगतो आणि भाडेकरूंचा अहवाल ती दुरुस्तीने टिकेल असे म्हणतो, तेव्हा उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. अशा निवाडा करणाऱ्या समितीत भाडेकरूंचा प्रतिनिधी बसवा ही मागणी मला योग्य वाटत नाही. तिथे मागायचे ते स्वातंत्र्य, म्हणजे दोन्ही पक्षांपैकी कोणाकडूनही गेल्या काही वर्षांत काम न घेतलेला अभियंता. पण जी समिती नियम घडवते किंवा नियमांच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवते, तिथे ते नियम ज्यांच्या अंगावर पडतात त्यांची जागा असलीच पाहिजे. निवाड्याच्या समितीला तटस्थता लागते, नियम घडवणाऱ्या समितीला सर्व बाजू लागतात. एकाच निवेदनात दोन्हींची सरमिसळ केली की शासनाला ते बाजूला ठेवणे सोपे जाते.

नियम घडवणाऱ्या समितीत सर्वसाधारणपणे अधिकारी, वास्तुविशारद, विकासकांच्या संघटना आणि मोठ्या सल्लागार संस्था यांचा वावर असतो. त्यांचे ज्ञान आवश्यक आहे, त्यांना वगळा असे म्हणणे शहाणपणाचे नाही. उणीव वेगळ्या ठिकाणी असते.

पहिली उणीव सार्वजनिक आरोग्याची. गोवंडी आणि मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत एकमेकींना खेटून उभ्या इमारती, खालच्या मजल्यांवर न पोहोचणारा सूर्यप्रकाश आणि कोंडलेली हवा यांचा क्षयरोगाशी असलेला संबंध अभ्यासकांनी तपासून मांडला आहे. पुनर्वसन इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत देताना ज्या खोलीत निर्णय झाला तिथे छातीच्या विकारांचा एखादा डॉक्टर बसलेला असता, तर निदान तो प्रश्न इतिवृत्तात तरी आला असता. मुंबईत मोकळ्या जागेतील कमतरता प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून मंजूर करून घेण्याची पद्धत रुळलेली आहे, म्हणून या शहरात ही जागा सर्वांत आधी मागावी असे मला वाटते.

दुसरी उणीव वापरणाऱ्यांची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संदर्भातील निकष केवळ शिफारशीवजा न ठेवता किमान बंधनकारक नियम करावेत असे बजावले. एकास बारा या उताराचा रॅम्प नकाशावर काढलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या तोंडाशी गटाराचे झाकण किंवा दुचाकी उभी असते, आणि वर पोहोचल्यावर दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडत असल्याने चाकाची खुर्ची मागे घ्यायला जागा उरत नाही. हे चाकाच्या खुर्चीवरून रोज ये-जा करणारी व्यक्ती एका वाक्यात सांगते. तिच्यासाठी सल्लागार नव्हे, पूर्ण सदस्याची जागा मागावी.

तिसरी जागा राहणाऱ्यांची : एक नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थांच्या महासंघातून आणि एक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) किंवा पागडीच्या इमारतींतील भाडेकरूंमधून. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत, त्यामुळे एकच ‘नागरिक प्रतिनिधी’ पुरत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान मनोरंजन मैदान जमिनीवरच असले पाहिजे, पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांवरील गच्चीवर, नव्हे, असे सांगितले. पोडियमवरचे मैदान चालेल हा विचार नियमांत शिरला तेव्हा ज्यांची मुले खाली खेळणार होती त्यांचा आवाज कुठे होता, हा प्रश्न निवेदनात जरूर विचारावा.

चौथी जागा बांधकाम कामगारांची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत तळमजल्यावरील फेरबदलाच्या कामादरम्यान कोसळली आणि १७ माणसे गेली. अशा फेरबदलांत खांबाला हात लागतोय हे साइटवरच्या मुकादमाला आणि मिस्त्रीला कोणत्याही अधिकाऱ्याच्या आधी दिसते.

आगीचे तज्ज्ञ तर हवेतच, पण महापालिकेच्या बाहेरचाही एक हवा. २६/११ नंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये, आपत्तीच्या दृष्टीने संवेदनशील इमारतींसाठी विशेष अग्निसुरक्षा नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला. तो वर्षानुवर्षे अंतिम झाला नाही आणि अखेर उच्च न्यायालयात जनहित याचिकेवर शासनाला उत्तर द्यावे लागले, तज्ज्ञ समिती नेमावी लागली. मधल्या काळात, डिसेंबर २०१७ मध्ये, कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा जीव गेला. मसुदा लांबणीवर पडतो तेव्हा ‘तो का लांबला’ असे प्रत्येक बैठकीत विचारणारा, नोकरीच्या उतरंडीत न बसणारा, एक तरी सदस्य लागतो.

या सगळ्या जागा मिळून समिती अवाढव्य होऊ देऊ नये. मोठ्या समितीची बैठक जमत नाही आणि मग ‘उपसमिती’ निघते, जिच्यात पुन्हा जुनेच चेहरे असतात. नव्या जागा मागताना कोणत्या दोन जागांचे काम एकच आहे आणि त्यातील एक कमी करता येईल, हेही निवेदनात सुचवावे.

कायद्यातले दाखले

हितगटांना जागा देणे ही अनोखी मागणी नाही, हे दाखवण्यासाठी देशातल्याच कायद्यांचे दाखले वापरावेत. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील केंद्रीय सल्लागार परिषदेत ग्राहक आणि बांधकाम कामगार यांचे प्रतिनिधित्व कायद्यानेच सांगितले आहे, आणि प्राधिकरणाच्या सदस्याने कामावर विपरीत परिणाम होईल असा आर्थिक हितसंबंध मिळवल्यास त्याला दूर करता येते. महारेराच्या, म्हणजे याच अधिनियमाखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, सलोखा मंचात तर ग्राहक संघटनेचा आणि विकासक संघटनेचा प्रतिनिधी एकाच बाकावर बसतात. मुंबईत हे घडू शकते याचा यापेक्षा जवळचा पुरावा नाही.

उलट दिशेचे उदाहरणही ठाऊक असावे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात २०२३ मध्ये विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून इमारत संहिता परिषदेची रचना बदलली आणि घरांच्या संहितेसाठी वेगळी परिषद निर्माण केली. त्याच कायद्याने घरांच्या ऊर्जाविषयक नियमांत होऊ घातलेली सुधारणा २०३१ पर्यंत रोखली गेली. सदस्यरचनेचा बदल नेहमी सुधारणाच असतो असे नाही, आणि आपल्या मागणीचा उपयोग दुसरे कोणी करणार नाही याची काळजी शब्दांच्या निवडीतच घ्यावी लागते. ‘समितीत उद्योगातील अनुभवी व्यक्ती घ्याव्यात’ असे ढोबळ वाक्य आपल्या निवेदनात कधीही असू नये.

मसुदा आपणच लिहून द्यावा

कक्ष अधिकाऱ्याला सर्वांत उपयोगी पडते ते तयार कलम. भावना लिहिलेल्या पत्रावर ‘कृपया पाहावे’ असा शेरा पडतो. मसुदा दिला तर त्यावर टिपणी लिहावी लागते. पुढील मजकूर आपल्या समितीनुसार बदलून वापरता येईल :

‘समितीतील अशासकीय सदस्यांची मुदत तीन वर्षांची राहील व कोणतीही व्यक्ती सलग दोनपेक्षा अधिक मुदतींसाठी सदस्य असणार नाही. कोणत्याही एका हितगटाचे सदस्य एकूण सदस्यसंख्येच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक असणार नाहीत. प्रत्येक सदस्य नियुक्तीच्या वेळी व त्यानंतर दरवर्षी आपल्या हितसंबंधांचे घोषणापत्र देईल आणि ज्या विषयात हितसंबंध असेल त्या विषयाच्या चर्चेतून बाहेर राहील. तशी नोंद इतिवृत्तात घेण्यात येईल. रहिवासी, दिव्यांग व सार्वजनिक आरोग्य या गटांपैकी किमान दोन सदस्य उपस्थित असल्याशिवाय गणपूर्ती झाली असे मानले जाणार नाही. विषयपत्रिका बैठकीपूर्वी दहा दिवस व इतिवृत्त बैठकीनंतर पंधरा दिवसांत संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यात येईल. भिन्न मत असलेल्या सदस्याची लेखी टिपणी अहवालास जोडण्यात येईल.’

गणपूर्तीचे, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान उपस्थितीचे, वाक्य वाटाघाटीत सर्वांत आधी गळते, आणि ते गळू देऊ नये. ते नसेल तर नवी खुर्ची रिकामी ठेवूनही काम पुढे नेता येते.

कुठे द्यावे

समिती शासन निर्णयाची असेल तर निवेदन नगर विकास विभागाच्या प्रधान सचिवांच्या नावे मंत्रालयात द्यावे आणि त्याची प्रत त्या निर्णयाखाली ज्या अधिकाऱ्याची सही आहे त्याला द्यावी. आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. पुढच्या प्रत्येक पत्रात तो क्रमांक लिहावा, कारण लोक ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात त्या २००५ च्या अधिनियमाचा आधार घेताना अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे पोचला हे दाखवावे लागते.

नियमावलीत फेरबदल प्रस्तावित असेल तर कलम ३७ खालील सूचना राजपत्रात आणि वृत्तपत्रांत येते आणि हरकती व सूचना देण्यासाठी एक महिना मिळतो. बृहन्मुंबईच्या बाबतीत अशा सूचनांत पुष्कळदा पत्ता दिलेला असतो तो नगररचना उपसंचालक, बृहन्मुंबई, एन्सा हटमेंट, ई ब्लॉक, आझाद मैदान, महापालिका मार्ग हा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पायी जाता येईल इतक्या अंतरावरच्या या कार्यालयात हरकत स्वतः नेऊन देणे आणि पोच घेणे हेच उत्तम. हरकतीत प्रस्तावित फेरबदलाबद्दल लिहाच, पण त्याच पत्रात तो फेरबदल कोणत्या समितीच्या शिफारशीवरून आला आणि त्या समितीत कोण नव्हते हेही लिहावे, म्हणजे रचनेचा मुद्दा सुनावणीच्या अभिलेखात येतो. कलम १५४ खालील निर्देशांनी काही फेरबदल सुनावणीपूर्वीच अमलात आणले जातात. तसे झाले असेल तर हरकत निरर्थक ठरली असे समजून गप्प बसू नये, कारण अंतिम मंजुरी अजून व्हायची असते.

२०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा चुकांमुळे मागे घ्यावा लागला तो लोकांच्या तपशीलवार हरकतींमुळे. घरटी एकच छापील पत्र देण्यापेक्षा रस्ता, भूखंड, इमारत असे नेमके दाखवून दिलेल्या पत्रांनी ते काम केले, हे लक्षात ठेवावे.

विधिमंडळाचे अधिवेशन असेल तेव्हा आपल्या मतदारसंघातील आमदारांना तारांकित प्रश्नाचा मसुदा द्यावा. प्रश्न छोटा असावा : अमुक समितीत अशासकीय सदस्य किती, त्यांची निवड कोणत्या निकषावर, हितसंबंधांची घोषणा घेतली जाते काय, नसल्यास कारणे काय. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जाते आणि त्याचा पाठपुरावा करता येतो. न्यायालयाचा रस्ता शेवटी ठेवावा. समितीत कोणाला घ्यावे हे न्यायालय सहसा शासनावर सोडते, मात्र कायद्याने सांगितलेली जागा रिक्त ठेवली असेल किंवा हितसंबंध उघड दिसत असेल तर जनहित याचिकेला वजन येते, आणि तेव्हा वर सांगितलेला उपस्थितीचा तक्ता आणि माहिती अधिकारातली उत्तरे हाच मुख्य पुरावा ठरतो.

शुद्धिपत्रक निघाले की लगेच तीन गोष्टी कराव्यात. नव्या जागेसाठी आपल्या संघटनेतून दोन नावे, पात्रतेच्या कागदांसह, पंधरवड्याच्या आत विभागाला द्यावीत, कारण जागा निर्माण होऊन नाव न आल्यास ती रिकामी दाखवणे सोपे असते. जी व्यक्ती बसेल तिच्यामागे नियमावली वाचणारा एक लहान गट उभा करावा, म्हणजे विषयपत्रिका आल्यावर दहा दिवसांत तिला मुद्दे मिळतील. आणि समितीची मुदत ज्या दिवशी संपते ती तारीख आजच लिहून ठेवून, त्याच्या सहा महिने आधी पुनर्गठनाचे निवेदन जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन सादर करावे.